अकरा अंगठे

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत दर प्रजासत्ताक दिनाला नागरिकांच्या कर्तव्यांवर भाषण मी करतो. बेलापूरच्या एका कचेरीतून निवृत्त झाल्यामुळे कर्तव्य या विषयात मला गती असावी, असा लोकांचा गैरसमज आहे. तो मी कधी दूर केलेला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास गेटबाहेरच्या फुटपाथवरून गटाराच्या चेंबरचं झाकण नाहीसं झालं. आमची सोसायटी भलतीच जागरूक. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या भोकाचे सात फोटो आले, त्यातला एक सहाव्या मजल्यावरून काढलेला. 'टॅक्स कशाला भरतो आपण?' 'सेक्रेटरींनी लक्ष घालावे.' सेक्रेटरींनी लिहिलं, 'नोटेड.' मीही दोन परिच्छेद ठोकले, त्यात संविधान आणलं. प्रभाग कार्यालय चालत दहा मिनिटांवर आहे, पण तिथे कुणीतरी जाऊन आलंच असणार, अशी प्रत्येकाची खात्री होती.

हातपाय हलवले ते ग्रुपवर नसलेल्या एकाच बाईने. खाडीकाठच्या गावातून एक मावशी रोज सकाळी माशांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या गेटवरून जायची. तिने सुबाभळीची उंच फांदी तोडून त्या भोकात रोवली, दगडांनी आवळली आणि शेंड्याला लाल चिंधी बांधली.

"डोक्यावर पाटी असली का खाली बगाला येत नाय, दादा," ती मला म्हणाली. "चिंदी दिसली का मी बाजूनं जाते."

मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. कौतुक करायला मला वाकावं लागत नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी गेटसमोर ग्रुप फोटो काढायचा ठरला. रांगोळी, फुगे, तिरंगा, सगळं झकास, आणि मधोमध ती फांदी. फोटोत किती घाण दिसेल, हे सगळ्यात आधी माझ्याच लक्षात आलं. फांदी मी स्वतःच्या हातांनी उपटली. भोक झाकायला चार झेंडूच्या कुंड्या आडव्या मांडल्या. मग मी भाषण केलं. 'रस्ता हा आपल्या घराचाच एक भाग समजा,' या वाक्याला टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपताच, बाहेर राहिल्या तर चोरीला जातील म्हणून कुंड्या आत घेतल्या. घराचा तो भाग असा उघडा पडला. फांदी कंपाउंडला टेकून होती. मी जिलेबी घेऊन वर गेलो, सोफ्यावर बसलो आणि ग्रुपवर लिहिलं, 'कृपया कोणीतरी फांदी पुन्हा लावावी.' अकरा जणांनी अंगठे दिले. अकरा! एवढा प्रतिसाद माझ्या संविधानालाही आला नव्हता. मी निर्धास्त होऊन दुपारची झोप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किंकाळी ऐकून मी बाल्कनीत आलो. मावशीचा पाय मांडीपर्यंत चेंबरमध्ये गेला होता आणि बोंबील फुटपाथभर पसरले होते. मी लेंगा बदलून, लिफ्टची वाट पाहून खाली पोचलो, तोवर एका रिक्षावाल्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. ग्रुपवर फोटो आलाच होता. 'व्हेरी सॅड. कोणीतरी मदत करा.' खाली अंगठे. मला इतकी लाज वाटली, की तसाच प्रभाग कार्यालयात गेलो.

तिथल्या बाईंनी रजिस्टर चाळलं. "तुमच्या सोसायटीची तक्रारच नाही आलेली, काका. आजची ही पहिलीच."

तीन महिने आम्ही एकमेकांकडे तक्रार करत होतो. दोन दिवसांत नवं झाकण बसलं. बैल गेला नि झोपा केला. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला आणि महाराष्ट्र दिनी 'जागरूक नागरिक' म्हणून मला शाल मिळाली. ती मी घेतली.

मावशी त्यानंतर आली. पाय हाडातूनच मोडला होता, आता डोक्यावर पाटी पेलत नव्हती. सुनेने गेटपाशी आणून बसवलं, तिथेच ती मासे विकू लागली. दारोदार फिरणं संपलं ते संपलंच. मी बोंबील घ्यायला समोर उभा राहिलो.

"दादा, माजी फांदी कोनी काडली वो?"

"माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

"मेल्याचे हात झडले पायजेत," ती म्हणाली. मग पाटीत हात घालून तिने चार बोंबील जास्तीचे माझ्या पिशवीत टाकले. "ऱ्हाऊ द्या. झाकन तुमीच बसवून घेतलं ना? एवढ्या बिल्डिंगीत तुमी एकलेच मानूस हाय."

मी पिशवी घेऊन घरी आलो. बोंबील तळले आणि खाल्ले.