पटक्याच्या मापाचे गज

मी धुळाप्पा, सोलापूरच्या गिरणीत साच्यावर कापड विणणारा, चौथी पास. शिकण्यानं माझं एकच नुकसान झालं: मला प्रत्येक बाबतीत मत असायला लागलं. अडाणी माणूस निदान जाणत्याला विचारतो. मी तेवढाही अडाणी राहिलो नाही.

बत्तीस सालचा चैत्र होता. मला रातपाळी लागली होती आणि माझी बायको गोजाबाई घरात एकटी असायची. पलीकडच्या बोळात चोर खिडकीतून उतरला आणि भांडीकुंडी घेऊन गेला, तेव्हापासून ती खिडकी बंद करून निजायची. सोलापूरचा उन्हाळा आणि बंद खोली! सकाळी मी घरी यायचो तेव्हा तिचे डोळे जागरणानं तांबारलेले असायचे. ही गोष्ट मैंदर्गीला तिच्या वडिलांच्या, सिद्धाप्पांच्या कानावर गेली. त्यांनी निरोप धाडला, "आयतवारी येतोय. तवर खिडकीला गज बसले न्हाईत तर लेकीला घिऊन जाणार."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ती गेली तर भाकरी कोण थापणार, असं मी गिरणीत सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे तिच्याशिवाय मला करमलंच नसतं. पण बायकोला असं सांगणं मला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं.

शनिवारी मी अण्णाराव लोहाराला घेऊन आलो. त्यानं चौकट पाहिली आणि म्हणाला, "चार बोटांवर एक गज. धा तरी लागतील."

"घराचा तुरुंग करतोस काय? वारं कुटनं येनार?" मी म्हणालो.

"मग माप तूच दे की."

मी दिलं. चौकटीला डोकं टेकवलं आणि दोन्ही बाजूंना खडूनं खुणा केल्या. ज्या फटीतून माझं डोकं जात नाही तिच्यातून चोराचं कसं जाईल, हा माझा हिशेब. डोक्यावर चांगला आठ हाती पटका होता. अण्णारावानं एकदा पटक्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गुमान चार गज बसवले. वरच्या लाकडातल्या खोल भोकात गज सरकवायचा, खालच्या भोकात उतरवायचा आणि पाचर ठोकायची. काम झक्क झालं.

रविवारी सकाळी गोजाबाई खिडकीपुढं उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "अवं, चोर काय पटका बांधून यील व्हय?"

खरं तर तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण पडलो तरी नाक वर. पटका काढून खुंटीला अडकवला आणि म्हणालो, "डोकं गेलं तरी धड जायचं न्हाय. बघच तू." डोकं गेलं. आडवा होऊन एक हात, एक खांदा घातला, तोही गेला. चोर असता तर पार झाला असता. पण तिच्या हातच्या भाकरीनं दीड वर्षात माझं पोट सुटलं होतं, ते गजात बसलं. ना पुढं, ना मागं. गोजाबाईनं पाय ओढून पाहिले आणि मग ती अण्णारावाला बोलवायला धावली.

मी निम्मा रस्त्यावर लोंबत होतो, बोडक्या डोक्यानं. भल्या माणसाचं डोकं चारचौघांत उघडं दिसलं की त्याच्या घरात कोणीतरी गेलं, असं लोक धरून चालतात. जाणारेयेणारे चपला काढून गप्प उभे राहू लागले. दुखण्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यानं तर त्यांची खात्रीच पटली. आणि तेवढ्यात कोपऱ्यावर सिद्धाप्पांची बैलगाडी वळली.

म्हाताऱ्यानं मला पाहिलं. कासरा हातातून गळाला. "अय्यय्यो, माझी गोजा!" म्हणून ते गाडीतून उतरले आणि तिथंच मातीत बसले.

"मामा, तसं न्हाय! गोजा बरी हाय!" मी ओरडलो. त्यांना ऐकूच येत नव्हतं. मला माझी लाज वाटली. लेक नेईन म्हणणारा हा माणूस मला आठवडाभर वैरी वाटत होता.

गोजाबाई लोहाराला घेऊन आली तेव्हा म्हातारा तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बघतच राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "चल, गाडीत बस. ह्या गजांच्या भरवशावर तुला हितं ठेवत न्हाय."

गोजाबाई आत गेली. मला वाटलं, गाठोडं बांधायला गेली. ती पटका घेऊन बाहेर आली, भर रस्त्यात माझ्या डोक्याला नीट गुंडाळला आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"आप्पा, गज वाढवून घेऊ की आमी," ती म्हणाली. "पर ह्येंना एकटं सोडायचं मला लई भ्या वाटतंय."

सिद्धाप्पांनी गजात अडकलेल्या आपल्या जावयाकडं नीट पाहून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले, "त्ये बी खरंच."