नकाराची सही

साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर आमची मुलगी दोन दिवस तापली. त्यात एकदा तिची नजर वर गेल्यासारखी मला वाटली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ ठीक आहे, पुढच्या लशी चुकवू नका. बायकोला ते पटलं. मी मात्र फोनवर शोधत बसलो, आणि मला हवं होतं तेच सापडत गेलं.

नवव्या महिन्यात गोवराच्या लशीची आठवण करून द्यायला आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. गिरीज गावापासून घरोघर फिरत आलेल्या, घामाघूम. मी दारातच म्हणालो, "आम्हाला द्यायची नाही."

"गोवर साधा नसतो, दादा."

"आम्हाला सगळ्यांना लहानपणी येऊन गेलाय. काय झालं?"

त्यांनी वाद घातला नाही. वही पुढे केली. मी नकाराची सही केली. त्या दिवशी बायको माझ्याशी बोलली नाही.

मुलगी दीड वर्षाची असताना तिला ताप आला, डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठलं. गोवरच होता. आठवड्यात ती खेळायला लागली. "बघ," मी बायकोला म्हणालो.

शेजारी सहा महिन्यांचा मुलगा होता. त्याची आई पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. दुपारी बाळाला आमच्या पलंगावर निजवून ती बायकोशी बोलत बसायची. मुलीला ताप भरला त्या दुपारीही बाळ तिथेच होतं. दहा-बारा दिवसांनी त्याला गोवर आला, मागोमाग न्यूमोनिया. गोवराची लस घेण्याचं त्याचं वयच झालं नव्हतं.

तो हॉस्पिटलात होता तेवढे दिवस मला एका जागी बसवेना. डबा घेऊन जायचो आणि जिन्यावर खालीवर करत राहायचो. एकदा त्याची आई बाहेर आली. मला म्हणाली, "तुमची पोरगी बरी हाय ना? पानी पाजत जा तिला." मी नुसती मान हलवली.

तो वाचला. घरी आला तेव्हा हाताला फक्त हाडं लागत होती. पुढे पंधरा दिवस बोलायचं ठरवून मी रोज मागे फिरलो. शेवटी गॅलरीत ती कपडे वाळत घालताना म्हणालो, "आमच्या मुलीला लस दिलेली नव्हती. मीच नको म्हटलं होतं."

तिने हातातला कपडा झटकला. "वैनीनं सांगितलंय मला. हॉस्पिटलातच."

तिने कपड्याला चिमटा लावला.

"आता कोनाला काय बोलनार? पन पोराला तुमच्याकडं नाय आननार आता. राग मानू नका."

त्याच आठवड्यात मुलीच्या राहिलेल्या लशी सुरू केल्या. ती मांडीवर रडत होती, तिचा हात मी धरला होता. नर्सने विचारलं, एवढा उशीर का? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं.

शेजारचा मुलगा आता चालतो. मुलीचा आवाज आला की आमच्याकडे यायला निघतो. त्याची आई त्याला शांतपणे उचलून घेऊन जाते. बायको तिच्याकडे जाते, बसते, बोलते. मी जात नाही.