पारूमावशींच्या आईचा डबा

साताऱ्याहून निघताना आईनं बजावलं, "मासे आणलेस तर पिशवीत घट्ट बांधून आण. एसटीत वास सुटायला नको." तिला काय ठाऊक, मी निघाले होते पिशव्या बंद झालेला बाजार बघायला!

चेंबूरला उतरले तर हेमांगी रिक्षा घेऊन हजर. माझी ही कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेली. लोकांच्या सवयी न ओरडता कशा बदलायच्या, ते शोधणं हीच तिची नोकरी.

"आमच्या जाळ्यात मासळी कमी नि प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त येतात गं," ती म्हणाली. आधी तिनं बाजारात फलक लावले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग अनामत घेऊन नवे डबे दिले. गिऱ्हाईकं म्हणाली, पैसे दिलेत ना, मग डबा आमचा.

"वाट लागली यार! शेवटी सासूबाईंचे घरातले डबे काढले, नाव घातलेले. अनामत नाही, काही नाही."

"मग?"

"चल, बघशीलच ना."

बाजारात तिच्या सासूबाई, पारूमावशी, टोपलीमागे ऐसपैस बसल्या होत्या. एक बाई डबा परत घेऊन आली, आत गरम शिरा! पाठोपाठ दुसऱ्या डब्यातून लिंबं आली. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली सगळ्यांचीच खोड. हेमांगीनं नेमकी तीच पकडली होती. झकास!

"बस गं, जरा हात लाव," मावशी म्हणाल्या.

मी हात लावला आणि घोटाळा केला. एका अनोळखी माणसाला कोळंबीचा वाटा (विकायला लावलेला छोटा ढीग) भरून दिला, तो नेमका मावशींच्या पाठीमागच्या जुन्या पितळी डब्यात.

तो गेल्यावर मावशींनी मागे वळून पाहिलं. "अगं बाई! तो माझ्या आईचा डबा! तिची तेवढीच वस्तू राहिलीय माझ्याकडं." मग हेमांगीला म्हणाल्या, "उद्या डबा आला नाय, तर परवापासून मी पिशव्या देणार."

जेवताना समोर बोंबलाचं झणझणीत कालवण होतं, पण मी तो माणूस कसा दिसत होता तेच आठवत बसले.

सकाळी बाजार भरला आणि तो माणूस तणतणत आला. "असला डबा देता होय मावशी? वरचं नाव वाचून बायको कालपासून माझं डोकं खातेय, कुणाच्या घरचा उचलून आणलास म्हणून!" डबा चिंचेनं घासून लख्ख केला होता. आत नारळाच्या वड्या होत्या.

मावशींनी डबा पोटाशी धरला, डोळे पुसले आणि पहिली वडी मला दिली.

निघताना त्यांनी त्याच डब्यात सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) भरली.

"मावशी, अहो, हा नको!"

"हाच ने. आता मला भीती नाय. येशील तू."

एसटीत वास सुटला नाही. सुकट तर घरी कधीच संपली. डबा मात्र फळीवरून माझ्याकडे बघत असतो. ही सगळी हेमांगीची युक्ती आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी काल कंदी पेढे आणून डब्यात भरले आणि मुंबईचं तिकीट काढलं.