जॉब लावला, जॉब लागला

बापूंनी पेढ्याचा बॉक्स टेबलावर ठेवला. खांद्यावरची नवी घोंगडी काढली, दोन्ही हातांवर घेतली अन् सरांपुढं धरली.

"सायब, लेकीचा जॉब लागला. तुमचे लय उपकार हायेत."

सगळा वर्ग बघायलाय. सरांनी माझ्याकडं बघितलं. मलाच कळंना, कसला जॉब? अन् एकदम ध्यानात आलं. पायाखालची जमीनच सरकली माझ्या.

आदल्या दिवशी मी फोन केला होता. "बापू, आज मी जॉब लावला!" विमानाचे भाग बनवायच्या आमच्या परभणीच्या ट्रेनिंगमध्ये मशीनवर कापायला जो धातूचा तुकडा बसवतात त्याला जॉब म्हणतात. कारखान्यात सगळीकडं तसंच म्हणतात. लेथ मशीनवर पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं तुकडा आवळून बसवला होता, त्याचा आनंद मला मावंना. बापू तेव्हा पोखर्णीच्या रानात एका शेतात मेंढरं बसवून होते. इकडून मेंढरांचा कालवा, तिकडून रेंज न्हाई. मी म्हणलं लावला, त्यांनी ऐकलं लागला. लगोलग तिथल्या मंदिरापुढच्या दुकानातून पेढे घेतले. मायला फोन लावला, मायनं गावात साखर वाटली. झालं.

हे सगळं मी अडखळत सांगितलं. सर हसायला लागले. हसता हसता उठले, खालच्या पेटीतून ॲल्युमिनियमचा एक तुकडा उचलला अन् बापूंच्या हातात दिला.

"मामा, हा घ्या तुमच्या लेकीचा जॉब. लागला! जपून न्या बरं, विमान आहे ते."

वर्ग खदाखदा हसला नुसता. बाकं वाजवायलेत पोरं. बापूही हसले. लोक हसले की हसायचं, हे त्यांना जन्मापासून ठावं. "आमी अडाणी माणसं सायब, आमाला काय कळतंय," म्हणले. घोंगडी अजून तशीच धरलेली. सरांनी तिचा कोपरा दोन बोटांत पकडला अन् सोडला.

"ही बाहेर ठेवा हो मामा. वास मारतोय. इथं मशिनी आहेत."

मशिनीला नाक असतं हे मला त्या दिवशी कळलं.

आमी हटकर. मेंढरामागं फिरणारी माणसं. आमच्यात घोंगडी कुणालाही देत न्हाईत. ज्याच्यावर जीव टाकावा त्यालाच देतात. तिची लोकर मायनं कातलेली. बापूंनी ती दाराबाहेर, चपलांच्या शेजारी घडी करून ठेवली. मी गेटपर्यंत गेले त्यांच्यासंगं. त्यांनी तो तुकडा बंडीच्या खिशात टाकला होता.

"मंग जॉब कवा लागंल?" त्यांनी इचारलं.

"लागंल बापू," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलवून घेतलं. "अगं, मस्करी केली. मनावर घेऊ नको. तू मला लेकीसारखी." अन् मला ते खरं वाटलं. माणूस किती येडं असावं!

लेकीसारखी हा शब्द काही पहिल्यांदा ऐकला नव्हता मी. सर जिंतूरला आमच्या कॉलेजात भाषण करायला आले होते. विमानाचे भाग आता परभणीची पोरं बनवणार, म्हणले. मुलींनी तर यायलाच पाहिजे. मी हात वर केला. तर हा माणूस चारठाण्याच्या पल्याड आमच्या गावाला आला, आमच्या अंगणात बसला, कोरा चहा प्याला. मायनं माझी सोयरीक ठरवत आणलेली. पाव्हणे येऊन बघून गेलेले. सर बापूंना म्हणले, "मामा, एक वर्ष द्या मला. हिला मोठ्या मशीनवर तयार करतो. वर्षाच्या शेवटी पुण्याची कंपनी येईल, परीक्षा घेईल, घेऊन जाईल. पोरगी मला लेकीसारखी, तिची जबाबदारी माझी."

बापूंनी पाव्हण्यांपुढं हात जोडले. एक वर्ष थांबा म्हणले. मायला म्हणले, "मास्तर माणूस हाय, तीन पिढ्यांपासून घरात मास्तरकी. खोटं कशाला बोलंल?" अन् मला म्हणले, "कंपनीनं घेतलं तर जा. न्हाई घेतलं तर मंग पाव्हण्यांना माझा शब्द दिलाय, बोहल्यावर चढायचं." मी हो म्हणलं. माझं सगळं त्या एका मशीनवर होतं.

काय मशीन होतं ते! काचेच्या खोलीत उभं. आत टेबल आपसूक वाकायचं, फिरायचं, एकाच ठोकळ्याला पाची अंगांनी कापायचं. विमानाचे वाकडेतिकडे भाग त्याच्यावरच होतात. आमी काचेतून बघायचो. खोलीला कुलूप. किल्ली सरांच्या खिशात.

आमाला काय? कानस. तासन् तास कानशीनं धातू घासा. मी न् माझी मैत्रीण सुलताना, सोनपेठची. तिच्या बापाचं पंक्चरचं दुकान. आमी दोघी अन् खेड्यातली बाकीची पोरं. कानस झाली की जुनं लेथ. लेथ झालं की झाडू. धातूचा कीस झाडायचा, पोत्यात भरायचा, पोतं मागं नेऊन टाकायचं. ट्रेनिंग बघायला मोठे पाव्हणे आले की पांढरे कोट घालून काचेपुढं उभं राहायचं. फोटो निघायचे. पाव्हणे गेले की कोट काढून परत द्यायचे.

"सर, मोठ्या मशीनवर कधी?"

"हात बसू दे आधी. नंबर येईल तुझा."

हात बसला. कानस अशी बसली की सुलताना म्हणायची, "अगे, आता तुझ्या सासूचं नाकबी घासून सरळ करशील तू." आमी हसायचो. नंबर मात्र येईना. तरी मी सरांची बाजू घेऊन तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, "ये मास्तर अपने को घुमारा है." मी म्हणायचे, तसं न्हाई, सरांनी शब्द दिलाय.

एक दिवस संध्याकाळी, जिच्याकडं राहायचे त्या मावशीच्या घरी पोचले अन् कळलं, डबा ट्रेनिंगलाच राहिला. मावशीचा एकच डबा, सकाळी तोच लागायचा. परत गेले. गेट उघडं. आत लाइट. काचेच्या खोलीचं दार सताड उघडं, अन् मशीन चालू.

आमच्याच वर्गातले चौघं आत. शहरातले. एक सरांचा भाचा, एक त्यांच्या कॉलनीतल्या वकिलाचा पोरगा, बाकी दोघं त्यांच्या ट्यूशनचे. सर भाच्याच्या हातावर हात ठेवून शिकवायलेत. झिरो कसा घ्यायचा ते. मशीनला सांगावं लागतं की तुकडा कुठून सुरू होतो. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. किती मायेनं सांगायलेत! तसं समजावून सांगणं मी दिवसा कधी ऐकलंच नव्हतं.

मशीनखालून तेलपाणी गळत होतं. ते टिपायला खाली काहीतरी अंथरलेलं. काळं. मी खाली बघितलं.

आमची घोंगडी.

सरांनी मला बघितलं. दचकले बिचकले काही न्हाई. "अगं, तू?"

"सर, आमाला कधी शिकवणार?"

ते बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, या मुलांना पुढं जायचंय. यांची तशी घरं आहेत. तू काय, आज ना उद्या लग्न होईल, चुलीपुढं बसशील. मशीनचे तास वाया कशाला घालवायचे? समजून घे. तू शहाणी आहेस."

मी डबा घेतला अन् निघाले. रडले न्हाई. डोकंच बंद पडलं होतं. ज्या माणसानं आमच्या अंगणात बसून माझं लग्न थांबवलं, तोच आता लग्न होणार म्हणून मला शिकवंना. परका बोलला असता तर शिवी हासडून मोकळी झाले असते. ह्यानं लेक म्हणून दगा दिला. रस्त्यानं जाताना मी एकटीच मोठ्यानं म्हणत होते, बेइमान, बेइमान. लोक बघायले मागं वळून. बघू दे म्हणलं.

वर्ष सरलं. कंपनीची माणसं आली. परीक्षा त्याच मशीनवर. चौघांनी पटापट बटणं दाबली. मग माझा नंबर. हो, आला एकदाचा नंबर! त्या खोलीत मी पहिल्यांदा पाय ठेवला. समोर बटणंच बटणं. झिरो घ्या, म्हणले. मला एवढं ठावं होतं की घ्यावा लागतो. कुठल्या बटणानं, ते न्हाई. मी नुसती उभी.

कंपनीच्या साहेबानं सरांना इचारलं, "यांना यावर शिकवलं नाही का?"

सर म्हणले, "शिकवलं की सर. खूप जीव काढला. पण मेंढरामागचं डोकं आहे, बसत नाही लवकर."

माझ्या समोर. माझ्या तोंडावर. मी खोलीबाहेर आले. सुलतानाही तशीच उभी राहून बाहेर आली. चौघं निवडले गेले. घरी सांगायचं माझ्यानं झालं न्हाई.

मला वाटलं संपलं. कुठलं संपायलंय! आठ दिवसांनी समारंभ ठेवला. मंडप, खुर्च्या, मोठे पाव्हणे. गेटवर फ्लेक्स लागला. त्याच्यावर चौघांचे फोटो न्हाईत. माझा! पांढरा कोट घातलेला, काचेपुढचा. वर लिहिलेलं, मेंढपाळाची लेक घडवणार विमान.

मी सरांकडं पळत गेले. "सर, मला तर घेतलं न्हाई."

"हळू बोल. पाव्हण्यांना खेड्यातली मुलगी दाखवावी लागते, तेव्हा पुढच्या बॅचला मंजुरी मिळते. तू स्टेजवर यायचं, मला जॉब लागला, एवढंच म्हणायचं. तुझं मी नंतर बघतो कुठंतरी. वडलांनाही बोलावलंय, शाल-श्रीफळ देऊ. खूश होतील."

बापू आले होते. पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, नवा पटका. फ्लेक्स त्यांना वाचता येत न्हाई, पण लेकीचा फोटो कळतो. माय पण आली होती, डोक्यावरचा पदर सारखा नीट करायली. मला बघून बापूंनी नुसती मान हलवली. केवढा आनंद होता त्या तोंडावर. मला वाटलं, म्हणून टाकावं. तीन शब्द तर हायेत. बापूंवर हसला होता हा सगळा वर्ग. आज त्यांना शाल मिळंल. खरं बोलले तर परत हसतील, अन् ह्या बारीला सगळ्या परभणीपुढं.

माझं नाव पुकारलं. माईक हातात आला. सर शेजारी उभे, हळूच म्हणले, "बोल."

मी पाव्हण्यांकडं बघितलंच न्हाई. बापूंकडं बघून बोलले.

"बापू, मला जॉब लागला न्हाई. तुमी चुकून लागला म्हणलात तर सर हसले. आता तेच खोटं मला म्हणायला सांगायलेत. मला मोठ्या मशीनवर शिकवलं न्हाई. एक दिवस न्हाई. सुलतानाला न्हाई, खेड्यातल्या कुणालाच न्हाई. दाराला कुलूप होतं. संध्याकाळी आपल्या माणसांसाठी उघडत होते. कंपनीला सांगितलं, मेंढरामागचं डोकं हाय. माझं डोकं चांगलं हाय, बापू. मला शिकवलंच न्हाई."

सरांनी माईक ओढला. "मुलगी घाबरलीय, पहिल्यांदाच स्टेजवर…" म्हणले. कुणी हसलं न्हाई. मागं सुलताना उठून उभी राहिली. "सच बोलरी वो," ओरडली. मग खेड्यातली एकेक पोरं उठली.

बापू जागचे उठले. पटका सारखा केला. आवाज चढवला न्हाई. "सायब, एक वर्ष दिलं की मी तुमाला. तुमी मागितलं म्हणून दिलं. मंग शिकीवलं कामून न्हाई?"

सरांनी माईक खाली ठेवला. पाव्हणे मोबाइलात बघायले. कुणीतरी नारळ पुढं केला, तो बापूंनी घेतला न्हाई.

घरी जाताना एसटीत माय रडत होती. बापू खिडकीतून बाहेर बघत होते. जिंतूर आलं तसं म्हणले, "पाव्हण्यांना दिलेला शब्द हाय." मी म्हणलं, "मलाबी एक शब्द दिलेला हाय बापू. तो आधी वसूल करते." ते हो म्हणले न्हाईत, न्हाई पण म्हणले न्हाईत. सोयरिकीचं अजून टांगलेलंच हाय. त्याचं भांडण मी घरात भांडीन. ते माझ्या माणसांशी हाय.

हे भांडण येगळं हाय. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी परत परभणीला आले. सुलताना गेटवर होती. आमी सरळ काचेच्या खोलीपुढं जाऊन बसलो. सर आले. "कोर्स संपलाय, घरी जा," म्हणले. मी म्हणलं, "आमचा सुरूच झाला न्हाई." शिपायाला बोलवलं. शिपाई आला, आमच्याकडं बघितलं अन् निघून गेला. मग धमकी, पोलिसांना फोन करतो. करा म्हणलं. मग आवाज मऊ झाला. "तू मला लेकीसारखी…"

"मी तुमची लेक न्हाई. माझा बाप हाय मला."

रोज येतोय आमी. संगं बसणारी पोरं वाढायलीत. फ्लेक्स काढला त्यांनी, काचेचं कुलूप तसंच हाय. लोक म्हणतात, आता भांडून काय मिळणार, तुझं नाव खराब झालं, कोण कंपनी घेईल तुला. नका घेऊ. नोकरी भीक म्हणून मागत न्हाई मी. ती माझी मी मिळवीन, न्हाई मिळाली तर माझी मी सोसीन. पण जे शिकवतो म्हणून माझं वर्ष नेलं, ते मला पाहिजे. ह्याच खोलीत, ह्याच मशीनवर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. उचलून बाहेर टाकलं तर उद्या परत येईन. परवा परत येईन.

किल्ली काढा सर. मशीन चालू करा.