राजाच्या गालावरच्या रेघा

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया दर दिवाळीला रांगोळीने घासतात. यंदा सकाळीच फराळाला आलेल्या माझ्या मित्राने तो उचलून भिंगाखाली धरला. हा जुनी नाणी जमवणारा माणूस. तो कळवळलाच. "वहिनी, काठावरचा हा डाग माळेची कडी जोडल्याचा, तो चालेल. पण या रेघा? पार सोललंत की हो नाणं!"

मीही भिंगातून पाहिलं. राजाच्या गालावर बारीक रेघांची जाळी होती. वरच्या ताज्या रेघा डावीकडे झुकलेल्या. बायको डावखुरी आहे. त्यांच्याखालच्या पुसट, जुन्या रेघा मात्र उजवीकडे झुकलेल्या होत्या. त्या आईच्या! आईचे फोटो आहेत घरात, पण तिच्या हाताचा जोर असा कुठेच उमटलेला नव्हता. आई होती तोवर एकमेकींच्या घासण्याला नावं ठेवणाऱ्या सासूसुना इथे गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

"आता तरी घासू नका," मित्र काकुळतीने म्हणाला.

बायकोने भिंगातून पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि रांगोळीची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

"आज तुम्ही घासा. तुमची एकही रेघ नाही यावर."