बिरप्पाचा पास

मोहोळला सकाळी येणाऱ्या पॅसेंजरच्या पुढून तिसऱ्या डब्यात चढलं की रामहरी आधी खिडकीशी बसतो आणि खांद्यावरचा टॉवेल समोरच्या जागेवर टाकतो. ती जागा पाकणीला चढणाऱ्या बिरप्पाची. पासवाल्यांचा हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची हिंमत होत नाही. एखादा नवखा टेकायला लागलाच, तर चौघे एकदम म्हणतात, "माणूस हाय तितं."

बिरप्पाला जाऊन तीन महिने होत आले. रामहरी अजून टॉवेल टाकतो. कुणी विचारलं तर म्हणतो, सवयीनं हात जातो. खोटं बोलतो. ती जागा मोकळी बघायची त्याला भीती वाटते, एवढंच खरं.

सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका दुकानात रामहरी सत्तावीस वर्षं कापड फाडतो आहे. दुकान उघडतं दहाला आणि गाडी पोहोचते त्याच्या कितीतरी आधी, म्हणून डब्यातल्या सगळ्यांचे पास काढायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. तिमाही पास रोजच्या तिकिटाच्या मानानं फारच स्वस्त पडतो, त्यामुळं या डब्यात तिकीट काढून बसलेला माणूस म्हणजे पाहुणाच. मोबाईलवर पास निघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण विश्वास कागदावर आणि रामहरीवर. मुदत संपत आली की ओळखपत्रं त्याच्याकडं जमायची आणि नवे पास गाडीतच वाटले जायचे.

बिरप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता. स्टेशनच्या स्टँडवर त्याची सायकल असायची, उतरला की तिच्यावर टांग मारून कारखाना गाठायचा. माणूस मोठा चेष्टेखोर. एकदा त्यानं रामहरीचा पास हळूच काढून स्वतःच्या टोपीत दडवला. नेमका तपासनीस आला. रामहरीनं खिसे उलटे केले, पिशवी पालथी केली, डबा उघडून भाकरीखालीसुद्धा बघितलं. तपासनीस पावतीपुस्तक काढायला लागला तेव्हा कुठं बिरप्पानं टोपी उचलली. पुढं महिनाभर डबा हसत होता. रामहरीही हसायचा, पण आतून जळायचा. सगळ्यांचे पास काढणाऱ्या माणसाची अशी शोभा!

बिरप्पाच्या पासाची मुदत संपली तेव्हा रामहरीनं उट्टं काढायचं ठरवलं. नवा पास त्यानं सकाळीच काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि संध्याकाळी फोनवर आवाज पाडून सांगितलं, "बिरप्पा, रांग लई होती. न्हाय झाला रं तुजा पास."

"बरं बरं. बगतो की काय करायचं ते," बिरप्पा म्हणाला.

रामहरीचा बेत साधा होता. उद्या हा पाकणीला कुरकुरत तिकीट काढणार, डब्यात येऊन शिव्या घालणार, आणि मग आपण टॉवेल उचलणार. खाली पास! त्या आनंदात तो दोन घास जास्त जेवला.

सकाळी पास टॉवेलखाली ठेवून तो पाकणीची वाट बघत बसला. फलाटावर बिरप्पा नव्हता. रजा टाकली असेल, म्हणून रामहरीनं पास परत खिशात घातला. दुकानात पहिलं गिऱ्हाईक चालू असताना फोन आला. बिरप्पा भावाची मोटरसायकल घेऊन हायवेनं निघाला होता; कशामुळं, ते एकट्या रामहरीला कळलं. सोलापूरच्या अलीकडं बाळे गावाजवळ मागून ट्रक आला. जागच्या जागी सगळं संपलं.

रामहरीच्या हातात कात्री तशीच राहिली. खिशातला पास त्याच तारखेपासून लागू झाला होता.

तेव्हापासून गाडी पाकणीला थांबली की त्याला हाक ऐकू येते. "रामा, पास दे की." वैतागलेली नाही, रडवेली नाही, नेहमीसारखी. त्यानं डबा बदलून बघितला. हाक त्या डब्यातही आली. पास फाडून टाकावा असं दहादा मनात आलं, पण ज्या हातांनी रोज ताग्यांचे तागे फाडले, त्या हातांना तेवढा कागद फाडवेना.

पंधरा दिवसांपूर्वी पाकणीला म्हाळसाबाई चढली. बिरप्पाची बायको. त्याच कारखान्यात तिला टॉवेलला शिलाई मारायचं काम मिळालं होतं. डब्यातल्या लोकांनी स्वतः टॉवेल उचलून तिला बसवलं. "बसा वैनी, ही बिरप्पाचीच जागा."

झालं! आता ती रोज रामहरीच्या समोर. दुसऱ्याच दिवशी तिनं आधारची झेरॉक्स आणि फोटो त्याच्या हातात दिला. "भावजी, माजा बी पास काढा. तुमीच काढत हुता न्हवं समद्यांचं?"

त्यानं ते कागद बिरप्पाचा पास होता त्याच खिशात ठेवले. पण तिकीट खिडकीपर्यंत जाऊन तो रोज माघारी फिरायचा. ती रोज तिकीट काढत राहिली आणि रोज आशेनं बघत राहिली. शेवटी काल तिनं विचारलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "रांग लई होती, वैनी."

स्वतःचेच जुने शब्द त्याला ऐकू आले.

म्हाळसाबाईनं मान हलवली. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "भावजी, एक इचारू? त्यांची सायकल आजून स्टँडवर हाय. रोज रेल्वेनं जाणारा मानूस त्या दिवशी मोटरसायकल कशापायी नेतो? जाऊबाई म्हनती, कामाला न्हाय, दुसरीकडंच निगाला आसंल. बाई आसंल कुनीतरी. गावात बी तसंच बोलत्यात. मला बी आता वाटाया लागलंय."

रामहरीनं खिशात हात घातला. पास काढून तिच्या ओंजळीत ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. टोपी, रांग, फोन, टॉवेल. एकही शब्द सावरून घेतला नाही.

तिनं बोट फिरवत नवऱ्याचं नाव वाचलं, वय वाचलं, तारखेवर बोट थांबवलं. पासाला अजून चार दिवस बाकी होते.

"म्हंजे कामालाच निगालं हुतं?"

"व्हय."

"दुसरीकडं न्हाय?"

"न्हाय, वैनी. पास नव्हता म्हणून."

ती पदरात तोंड लपवून रडली. डोळे पुसून वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. सुटलो, असं रामहरीला वाटलं. वेडाच तो.

तिनं पास पदराच्या गाठीत बांधला आणि हात पुढं केला. "माजी झेरॉक्स आन् फोटू द्या."

त्यानं दिले.

"माजा पास माजी मी काढीन."

बाजूला ठेवलेल्या टॉवेलची तिनं नीट घडी घातली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि सोलापूर येईपर्यंत दारापाशी उभी राहिली.

आज पाकणीला ती पुढच्या डब्यात चढली. इथं एक नवखा आला, टॉवेलकडं बघून म्हणाला, "मानूस हाय का हितं?"

कालचं ऐकलेल्या बाकीच्यांनी तोंडं खिडकीकडं वळवली. रामहरीनं त्या जागेकडं बघितलं आणि म्हणाला, "हाय."