झिंग्याच्या पोटाला गोचीड

आमच्या लिंगायत घराण्यात झिंगा दारात आणणारा मी पहिलाच गाढव.

आमचं गाव हुलसूर तेव्हा हैद्राबाद स्टेटात होतं आणि मी हैद्राबादला कॉलेजात विज्ञान शिकत होतो. (शिकत होतो असं आपलं म्हणायचं!) सुट्टीत सरांनी काम दिलं: नदीतले झिंगे मिळवा, नर-मादी ओळखा. मी मांजरा नदीकाठच्या भोयांकडून जिवंत झिंगे आणले आणि म्हशीच्या दगडी हौदात सोडले.

अप्पा, माझे वडील, कापडाच्या दुकानातून गिऱ्हाईक टाकून धावत आले.

"लिंगवंताच्या घरात हे कामून आणलास?"

"अभ्यासाला, अप्पा. ही कपाळावरची करवत बघा, तिच्या दातांवरून जात ओळखतात. आन् ही लांब नांगी दिसली की नर! सगळे नरच हायत."

"म्हंजे वाढणार न्हाईत?"

"नर कसे वाढतील?"

"एक जरी वाढला तर कॉलेज बंद! दुकानात बसून कापड फाडायचं."

मी छाती फुगवून कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी अक्का, माझी थोरली बहीण, हौदावर वाकली. "अरं, ह्याच्या पोटाखाली हिरवे दाणे कसले?"

पुस्तकातल्या चित्रात झिंग्याचं पोट दिसत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणेल तो कॉलेजकुमार कसला!

"गोचीड," मी म्हणालो.

अक्का कळवळली. म्हशीचं कडुलिंबाचं तेल घेऊन आली. "लावू का जरा?"

"नको. आपोआप गळतील."

गळले! एका सकाळी म्हैस हौदाला तोंड लावेना. पाण्यात काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं.

"अगं बाई, गोचिडाला डोळे फुटले!" अक्का ओरडली.

अप्पांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. जीव मारायची आमच्यात सोय नाही. मी सगळा हौद घागरींत भरून बैलगाडीनं नदीला नेला. भर पेठेतून! लोक विचारायचे, "अप्पा, पोरगं काय न्यायलंय?"

"ह्येचे नर बाळंत झाल्यात!" अप्पा दुकानातून ओरडून सांगायचे.

परत आल्यावर मी पडेल आवाजात विचारलं, "अप्पा, मग कॉलेज बंद?"

"बंद कामून? जा हैद्राबादलाच! तुला दुकानात बसवलो तर धोतर म्हणून लुगडं विकशील."

पुढे मी जनावरांचा डॉक्टर झालो. तालुक्यात मान आहे. पण म्हशीचा गोचीड काढायला बसलो की अप्पा अजून काठी टेकत येतात.

"डॉक्टरसाहेब, नीट बघा. पिल्लं न्हाईत ना?"